अर्ध्या वाटेवरचा तेमारू

उतरा पाहुणे, इथंच उतरा. टोप्या हातात धरा, आमच्या बेटावरचा वारा कुणाची भीड ठेवत नाही. तो समोर गवतात एकटा उभा आहे ना, त्याच्यासाठी गाडी थांबवली. किनाऱ्यावरचे पुतळे तुम्ही सकाळी पाहिलेत, चौथऱ्यावर ओळीनं उभे असलेले. खाणीच्या डोंगरात अर्धवट कोरून राहिलेले दुपारी दाखवीन. हा मात्र ना तिकडचा ना इकडचा. डोंगरावरून निघाला आणि समुद्रापर्यंत पोचला नाही. इथं पाणी नाही, झाड नाही, हाकेच्या अंतरावर घर नाही. तरी हा उभा आहे, थोडा पुढे झुकून, डोळ्यांच्या जागी दोन रिकाम्या खोबणी घेऊन. याचं नाव तेमारू.

मला कोरो म्हणा. कोरो म्हणजे आमच्याकडे बाप, आजोबा, कुणीही वडीलधारा माणूस. माझं वय पाहता मला दुसरं काही म्हणायची सोय उरलेली नाही. नकाशात आमचं बेट शोधायला गेलात तर माशी बसलीय समजून झटकाल. चारही बाजूंना पाणी, आणि पाण्यापलीकडे पुन्हा पाणीच. आमचे पूर्वज होड्यांतून इथं आले आणि राहिले. एवढ्या एकाकी जागी माणसाला सगळ्यात मोठी भीती कसली वाटत असेल? आपण मेल्यावर आपल्या माणसांकडे बघायला कुणी उरणार नाही, याची. म्हणून त्यांनी मेलेल्यांना दगडात उभं केलं. आम्ही त्यांना मोआई म्हणतो.

काल एक पाहुण्या बाई म्हणाल्या, हे सगळे सारखेच दिसतात हो. मी म्हटलं, बाई, आम्हालाही तुम्ही सगळे सारखेच दिसता. त्या रागावल्या. पण ज्यांची ती माणसं होती, त्यांना प्रत्येकाचं नाक ओळखू यायचं.

आता नीट ऐका, कारण हा इथं का अडकला हे कळायला ते पुतळे कसे नेत ते कळलं पाहिजे. डोंगराच्या कड्यातच पुतळा उताणा कोरायचा. हातात काळ्या कठीण दगडाची टाकी, शेजारी पाण्यानं भरलेला भोपळा. पाणी शिंपडलं की तो पिवळट दगड मऊ पडतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, इथं एकेका देवपणात कारागिराची अर्धी उमर जायची. सगळा पुतळा झाला तरी पाठ कड्याला चिकटलेली असायची. ती शेवटी सोडवायची, पुतळा उतारावरून हळूहळू खाली आणायचा, खड्ड्यात पाय घालून उभा करायचा. आणि तिथून पुढे तो चालत जायचा.

हसू नका. घरात जड कपाट हलवताना तुम्ही काय करता? आधी एक कोपरा पुढे टाकता, मग दुसरा. तसंच. डोक्याला दोर बांधून डावीकडे एक जमाव, उजवीकडे एक जमाव. डाव्यांनी ओढलं की पुतळा डावीकडे कलतो, उजवी बाजू जमिनीवरून सुटते आणि जराशी पुढे पडते. मग उजव्यांनी ओढायचं. तिसरा दोर मागं, तो नुसता धरून ठेवायचा, नाहीतर पुतळा तोंडावर आपटेल. आणि या सगळ्यांना एका ठेक्यात ठेवायला पुढे एक गाणारा. त्याच्या आवाजावर सगळे हात चालायचे. लांबून बघणाऱ्याला दिसायचं की एक प्रचंड माणूस डुलत डुलत घरी निघालाय, आणि त्याच्याभोवती त्याची पोरंबाळं गातायत.

एक गोष्ट मात्र सांभाळायची. वाटेत पुतळा आंधळा असायचा. गावच्या चौथऱ्यावर चढला, तोंड गावाकडे फिरवलं, की मगच पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसवायचे, मध्ये लाल दगडाची बाहुली. डोळे बसले की मेलेला माणूस जागा होतो आणि समोर जे दिसेल त्याला आपलं गाव मानतो. त्या गावाची राखण करतो. ही रीत कुणी घातली, कुणाला ठाऊक नाही, आणि का घातली, ते त्या काळी कुणाला ठाऊक नव्हतं.

तर त्या समोरच्या टेकाडामागे, इथून दिसत नाही, वाईताहा नावाचं गाव होतं. तेमारू तिथला मुखिया. असं सांगतात की तो फार मोठा योद्धा वगैरे काही नव्हता. पण संध्याकाळी तो गावातून एक फेरी मारायचा आणि प्रत्येक चुलीपाशी थांबून विचारायचा, सगळे घरी आले का? एखादी होडी परतली नसेल तर तो किनाऱ्यावर बसून राहायचा. मरताना त्यानं मुलीचा हात धरला. मुलीचं नाव हीनारू. तिला आई नव्हती, भावंडं नव्हती, एवढा एक बापच होता. तो म्हणाला, “मला फार दिवस अंधारात ठेवू नकोस.” आणि हीनारूनं वचन दिलं की तुझे डोळे मी स्वतःच्या हातानं बसवीन आणि डोळे उघडशील तेव्हा सगळं गाव तुझ्यासमोर असेल.

पुआरा नावाच्या म्हाताऱ्या कारागिरानं पुतळा कोरला. गाणारा होता रीरो, आणि हीनारूचं त्याच्याशी लग्न ठरलेलं होतं. पुतळा घरी पोचला की लग्न. म्हणजे ती वाट दोघांनाही लवकर संपायला हवी होती.

निघाले तेव्हा माणसं भरपूर होती. पण ते वर्ष वाईट निघालं. रताळी जमिनीतच कुजली, मासे किनारा सोडून गेले. दोर धरणारे हात कमी होत गेले. कुणी आजारी पडलं, कुणी पोरांना घेऊन बायकोच्या माहेरी दुसऱ्या किनाऱ्याला गेलं. कसंबसं पुतळ्याला इथपर्यंत आणलं आणि इथं सगळे थबकले. बघा, इथून उतार लागतो. उतारावर मागचा दोर धरायला दुप्पट माणसं लागतात, आणि यांच्याकडे तर निम्मीही नव्हती. खाली उतरवावा तर तोंडावर पडणार. पडलेला मोआई पुन्हा उचलत नाहीत, तो तिथंच संपला. वाटेवर पडलेले पुष्कळ तुम्ही पाहिलेतच.

पुतळा उभा राहिला आणि लोक रोज येऊन त्याच्याकडे बघून परत जाऊ लागले. तेव्हा हीनारूच्या मनात आलं ते आमच्याच माणसाच्या मनात येऊ शकतं. ती म्हणाली, हात कमी आहेत ना? मग त्यालाच जागं करू. बाबा जिवंत असताना एकटा होडी ओढून वर घ्यायचा. डोळे उघडले की त्याच्यात बळ येईल, बळ आलं की तो स्वतः पाऊल टाकेल, आपण फक्त गायचं.

पुआरा म्हणाला, “डोळे घरी पोचल्यावर, पोरी. वाटेत नाही.”

“का पण, कोरो?”

म्हाताऱ्यानं ते कधी विचारलं नव्हतं, त्याच्या आज्यानंही विचारलं नव्हतं. रीत माहीत होती, कारण माहीत नव्हतं. आणि भुकेल्या, थकलेल्या माणसांना हीनारूचं बोलणं पटलं. मलाही पटलं असतं. सोपी वाट दिसली की माणूस रीतीला विचारत बसत नाही.

ठरल्या दिवशी सगळं वाईताहा इथं लोटलं. तेमारू डोळे उघडणार म्हटल्यावर मागं कोण राहील? म्हाताऱ्यांना पाठीवर घालून आणलं, तान्ही पोरं आणली, होती नव्हती ती रताळी भाजून आणली. जे दुसऱ्या किनाऱ्याला गेले होते तेही आले. सगळे याच्या पुढ्यात, या उतारावर, दाटीवाटीनं उभे राहिले. दगडांचा ढीग रचून हीनारू वर चढली. तिनं आधी एक डोळा बसवला, मग दुसरा.

म्हणे त्या क्षणी वारा पडला. तेमारूनं गावाकडे पाहिलं, आणि ज्यानं त्यानं असंच सांगितलं की त्यानं माझ्याकडेच पाहिलं. बाया रडल्या. एक म्हातारी ओरडली, “तेमारू, सगळे घरी आलेत बघ!” मग रीरोनं गाणं उचललं, दोर ताणले गेले. पुतळा हलला नाही. पुन्हा गाणं, पुन्हा दोर. केसभरही नाही. आधी जो थोड्या माणसांना दाद देत होता, तो आता सगळ्या गावाला दाद देईना. दोर तुटले, हात सोलले.

पुआरा खाली बसला. तो म्हणाला, “कशाला हलेल आता? डोळे उघडले तर समोर सगळं गाव. त्याला वाटलं, मी पोचलो.”

कारण कळलं ते असं, चूक झाल्यावर. उपाय एकच होता, डोळे काढायचे. पण जागा झालेल्या मोआईचे डोळे काढणं म्हणजे त्या माणसाला दुसऱ्यांदा मारणं. पुआरा म्हणाला की ज्या हातानं बसवले त्याच हातानं काढावे लागतील. हीनारू पुन्हा त्या दगडांवर चढली. बापाच्या डोळ्यांशी हात नेला. तो तिच्याकडे बघत होता. ती तशीच खाली उतरली आणि म्हणाली, “मी इथं राहते.”

मग पहिल्यांदा सगळेच राहिले. दगड मांडून झोपड्या उभ्या केल्या, चुली पेटवल्या. ती गवतातली दगडांची वर्तुळं बघा, ती त्याच झोपड्यांची. पण माणूस नुसत्या मायेवर जगत नाही. पाणी डोंगराच्या पोटातल्या तळ्यावरून भोपळ्यांतून आणायचं, मासे टेकाडापलीकडून. आधी कोळी गेले, मग लेकुरवाळ्या गेल्या. पुआरा इथंच वारला. जाताना प्रत्येक जण तेमारूच्या पाठीमागून जायचा, समोरून जायची कुणाला हिंमत झाली नाही.

रीरो पुष्कळ दिवस राहिला. शेवटी एकदा त्याचा धीर सुटला. तो म्हणाला, “तो दगड आहे, हीनारू. चल.”

ती म्हणाली, “तूच त्याला गाऊन चालवलंस, आणि आता दगड म्हणतोस?”

तो गेला. वर्षभर तो येत राहिला, मासे ठेवून जायचा. पुढे त्यानं दुसरीशी लग्न केलं, आणि मग येणंही कमी झालं. त्याला दोष देऊ नका. हीनारूनंही दिला नाही, असं सांगतात. पण ज्या दिवशी मासे तिसऱ्याच कुणाच्या हाती आले, त्या दिवशी तिनं ते खाल्ले नाहीत.

आता एकटी बाई आणि समोर बाप. त्याला काय दाखवायचं? तिनं ठरवलं की त्याला गावच दाखवायचं. संध्याकाळ झाली की ती एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत जायची आणि सगळ्या चुली पेटवायची. इथं थोडं गवत, तिथं थोड्या वाळक्या वेली, धूर तेवढा निघाला पाहिजे. मग प्रत्येक चुलीपाशी थांबून बोलायची. कधी पुआराच्या आवाजात खोकायची, कधी शेजारणींसारखी भांडायची. दोन्ही बाजू तीच. पाण्याला निघताना बापाला सांगून जायची, “आलेच हं.” आणि वाऱ्याची दिशा फिरली की टेकाडामागून वाईताहाची गाणी ऐकू यायची. तेव्हा ती काय करायची, ते कुणी सांगत नाही. कोण होतं बघायला?

एकदाच ती खाली गेली. किनाऱ्यावर मोठा मासा लागला होता, गावजेवण होतं, आणि तिला बोलावणं आलं. किती दिवसांत कुणी तिच्या ताटात वाढलं नव्हतं. जेवली, बायकांत बसली, कुणीतरी तिच्या केसांना तेल लावलं. तिथं संध्याकाळ झाली आणि तिला उठवेना. त्या रात्री ती तिथंच राहिली.

सकाळी धावत वर आली तर तेमारू पुढे झुकलेला होता. हा आत्ता दिसतो ना, तसा. चुली विझलेल्या, कुणाची चाहूल नाही. होडी परतली नाही की माणूस मान लांब करून समुद्राकडे बघतो, तसा तो वाकून उतारावर आपली माणसं शोधत होता. आणखी एक अशी संध्याकाळ गेली असती तर तो तोंडावरच आला असता. हीनारू त्याच्या पायाशी जाऊन बसली. नंतर ती पुन्हा कधी खाली गेली नाही.

अशी ती म्हातारी झाली, पाहुणे. सगळी जिंदगी इथं, या वाऱ्यात. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी इथं थांबावंसं वाटतं. एवढं करून तिला काय मिळालं, असं तुम्ही विचाराल. बाप मिळाला. दुसरं काही नाही. मला ते पुरेसं वाटत नाही, पण मला विचारलंय कुणी?

हात थरथरायला लागले, चुली पेटवता पेटवता दम लागायला लागला, तेव्हा तिला कळलं की आता दिवस भरत आले. आपण गेल्यावर काय? संध्याकाळ होईल, धूर निघणार नाही, हा पुढे पुढे वाकेल आणि पडेल. आणि पडेपर्यंत उघड्या डोळ्यांनी रिकामा उतार बघत राहील. ज्यानं सारा जन्म सगळे घरी आले का विचारलं, त्याला ते बघावं लागेल.

म्हणे त्या दिवशी तिनं भर दुपारीच सगळ्या चुली पेटवल्या, एकही सोडली नाही. मग दगडांचा तोच ढीग पुन्हा रचला, एकेक दगड विसावा घेत. वर चढून बापाच्या तोंडासमोर उभी राहिली, म्हणजे शेवटी त्याला तीच दिसावी. मेलेल्या माणसाचे डोळे पोरांनी मिटायचे असतात. तिनं इतक्या वर्षांनी ते केलं. डोळे काढून घेतले. तिच्या पाठीमागं सगळ्या चुलींचा धूर होता, आणि ती म्हणाली, “सगळे घरी आलेत बाबा. आता झोप.”

काही दिवसांनी रीरो या वाटेनं चालला होता. काठी टेकत, नातवंडांना घेऊन. तोही थकलेला. त्यानं पाहिलं, धूर नाही, पुतळ्याचे डोळे नाहीत, आणि पायाशी हीनारू निजलेली. तिच्या मुठीत ती प्रवाळं होती. तिला तिथंच मूठमाती दिली, मूठ न उघडता. सगळं झाल्यावर नातवंडं निघाली, पण म्हातारा निघेना. तो पुतळ्याकडे बघत होता. मग त्यानं सांगितलं, “तिनं डोळे काढलेत, कान नाही काढले.”

कान बघा त्याचे, खांद्यापर्यंत लोंबतात. तेमारूला दिसत नव्हतं, पण ऐकू तर येतच होतं, आणि त्या उतारावर आता कुणाचाच आवाज नव्हता. एकेकाळी त्याला आवाजावर चालवणाऱ्या रीरोला ते सगळ्यांआधी कळलं. त्यानं तोंडाशी हात धरले आणि वाईताहाच्या माणसांना हाका मारायला सुरुवात केली. एकेकाचं नाव घेऊन. जिवंत असलेल्यांना, मेलेल्यांना, पुआराला, दुसऱ्या किनाऱ्याला गेलेल्यांना, आणि शेवटी हीनारूला. तिचं नाव त्यानं किती वर्षांत मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. नातवंडांना वाटलं, आजोबांचं डोकं फिरलं. मग तीही ओरडायला लागली.

तेव्हापासून या वाटेची रीत पडली. आज वाईताहात कुणी राहत नाही, चौथरासुद्धा समुद्रानं अर्धा नेला. पण आजही इथून जाणारा आमचा माणूस, पायी असो की गाडीत, तेमारूसमोर थांबतो आणि आपल्या घरातल्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेतो. लग्नाची वरात थांबते. शाळेची पोरं थांबतात आणि नको तितका दंगा करतात, त्यांना कुणी रागवत नाही. तुम्हीही घ्या नावं. तुमच्या भाषेत घेतलीत तरी चालतील, त्याला गर्दी ऐकू आली म्हणजे झालं. हां, आणि समोर उभं राहून घ्या, पाठीमागून नाही.

आधी मी घेतो. मी तर रोजच घेतो, येताना एकदा आणि जाताना एकदा.

रोसालीया! मातेओ! तेवा! सूनबाई! ओहीना, ए ओहीना! सगळे आहेत हो, तेमारू!

रोसालीया माझी बायको, तिला जाऊन सहा वर्षं झाली. पोरं विमानानं मुख्य भूमीवर गेली, तिकडेच नोकरी, तिकडेच घर. ओहीना नात. तिला मी अजून पाहिलेली नाही, फोनवर आवाज ऐकलाय. घरी मी एकटाच असतो. पण ते तेमारूला सांगू नका.